मिठागरावरची गोधडी

मुलीला मुलगा झाल्याचा फोन आला तेव्हा घरात साखर वाटली गेली, आणि मी ओटीवर येरझारा घालायला लागलो. मुलगी झाली असती तर मी इतका बेचैन झालो नसतो. हे वाचून कुणी माझ्याविषयी भलतं मत करून घेऊ नये, म्हणून त्यामागचा हिशेब आधी सांगतो.

मी जमीन मोजणीच्या कामात आहे. कुणाच्या आजोबांना चार मुलगे, त्यातल्या एकाला तीन मुली, त्यातली एक वारलेली, मग उरलेल्यांचा हिस्सा किती, हे माझ्यासमोर रोज असतं. रक्ताचं नातं अपूर्णांकात मांडायची मला सवय आहे. पण माझ्या स्वतःच्या रक्तात काय आहे हे मला पंचेचाळिशी उलटेपर्यंत माहीत नव्हतं.

तेव्हा दिघीच्या बाजूला खाडीलगतच्या जमिनींची मोजणी चालू होती. तिथं मला मलेरिया झाला. थंडी वाजून ताप, घाम, पुन्हा ताप. पहिल्या गोळ्यांनी ताप उतरला. मग तो पुन्हा उलटू नये म्हणून दोन आठवड्यांच्या दुसऱ्या गोळ्या दिल्या. त्या सुरू केल्यावर लघवी कोऱ्या चहासारखी व्हायला लागली. डोळे पिवळे झाले. ओटीच्या तीन पायऱ्या चढताना धाप लागली. माणगावच्या डॉक्टरांनी गोळ्या ताबडतोब बंद केल्या आणि रक्त मुंबईला तपासायला पाठवलं. माझ्या लाल पेशींमध्ये जी-सिक्स-पीडी नावाचा एक पदार्थ फार कमी निघाला. तो पेशींना सांभाळतो. तो कमी असला तरी एरवी काही होत नाही. माणूस जन्मभर धडधाकट राहतो. पण ठरावीक औषधं किंवा ठरावीक रसायनं शरीरात गेली की पेशी पटापट फुटतात.

मी डॉक्टरांना विचारलं, "इतकी नुकसानीची गोष्ट पिढ्यानपिढ्या टिकली कशी?"

"कारण तिचा फायदाही आहे," ते म्हणाले. "मलेरियाचा जंतू लाल पेशीत घर करतो. तुमच्यासारख्यांच्या पेशीत त्याचं घर नीट बसत नाही, असं मानतात. जिथं मलेरियानं पिढ्यानपिढ्या माणसं मारली, तिथं ही कमतरता असलेली माणसं थोडी जास्त वाचली. म्हणून तिथं ती जास्त सापडते."

"मग मला मलेरिया झालाच कसा?"

"आडोसा आहे हो, भिंत नाही. आणि आडोसासुद्धा सगळ्या तऱ्हेच्या मलेरियाला सारखा नाही. यावर अजून वाद आहेत." मग ते म्हणाले, "कातकरी वाड्यांवर सिकलसेलची तपासणी होते, ऐकलं असेल. तेही याचंच भावंड. आईबापांतल्या एकाकडून आलं तर मलेरियापासून आडोसा, दोघांकडून आलं तर आजार."

त्यांनी मला कागदावर रेघा मारून दाखवलं की हे आईकडून येतं. ज्या गुणसूत्रावर याची जागा आहे ते मुलाला फक्त आईकडून मिळतं. मुलीला दोघांकडून एकेक. सातबाऱ्यावर पाहायला गेलं तर माझ्या आईचं नाव कुठंच नाही. तिनं माहेरच्या जमिनीवरचा हक्क सोडला होता. पण हा हिस्सा तिनंच मला दिला होता आणि त्याची नोंद कुणी केली नव्हती.

आता हिशेब. माझ्याकडे ते गुणसूत्र एकच, आणि तेच कमतरतेचं. माझ्या मुलीला ते गेलंच आहे, यात शंकेला जागा नाही. तिच्याकडे तिच्या आईकडून आलेलं दुसरं, चांगलं आहे, म्हणून तिला त्रास नाही. तिला मुलगी झाली असती, तर जावयाकडचं चांगलं आहे असं धरून, तिलाही एक चांगलं मिळालं असतं. मुलगा झाला तर दोनांपैकी कुठलं तरी एकच. निम्मं-निम्मं. म्हणून मी येरझारा घालत होतो.

मुलीला मी हे सगळं लग्नाआधीच सांगितलं होतं आणि जावयालाही. जावई नव्या मुंबईत कंटेनरच्या गाड्यांचा धंदा पाहतो. तो म्हणाला होता, "बाबा, टेन्शन नका घेऊ. माझ्या फॅमिलीत शुगर आहे, तुमच्यात हे आहे. बराबरी झाली." बाळंतपणासाठी मुलगी आमच्याकडे आली तेव्हा मी आणि बायकोनं मिळून घरातली सगळी कपाटं उपसली आणि डांबरगोळ्या काढून टाकल्या. त्या अशा बाळाला वाईट, हे मला माणगावच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. आमच्या श्रीवर्धनच्या दमट हवेत, सुपारीच्या वाडीला लागून असलेल्या घरात डांबरगोळ्यांशिवाय कपडे ठेवणं सोपं नाही. बायको कुरकुरली, पण तिनं एकही गोळी ठेवली नाही. कपाटांची दारं उघडी टाकून आम्ही पंखे लावले.

बाळंतपण माणगावला झालं. नाळेचं रक्त तपासणीला मुंबईला गेलं. अहवाल यायला वेळ लागणार होता. तोवर बाळाला कमतरता आहे असंच समजून वागा, असं तिथल्या बालरोगतज्ज्ञ बाई म्हणाल्या. आम्ही बाळ-बाळंतिणीला घेऊन घरी आलो.

मग मामा आले.

मामा म्हणजे माझ्या आईचे धाकटे भाऊ. आईचं माहेर उत्तरेला, पेणच्या बाजूच्या खाडीवर. तिथं त्यांची मिठागरं होती. आता मिठागरं जवळजवळ मोडलीत, माझे मामेभाऊ ट्रेलर चालवतात, पण मामांच्या बोलण्यात अजून मीठच असतं. वय ऐंशीच्या घरात. एकटे निघाले, अलिबागवरून मुरूडला आले, आगरदांड्याला फेरीबोटीत बसले आणि खाडी ओलांडून दिघीवरून आमच्याकडे पोचले. काखेत एक पिशवी होती. पिशवीत गोधडी.

त्या गोधडीची गोष्ट मी लहानपणापासून ऐकत आलोय. मामांच्या आजीच्या लुगड्यांचे थर एकावर एक घालून ती शिवलेली. त्या घरात जन्मलेला प्रत्येक मुलगा, आणि त्या घरच्या लेकींकडचे मुलगे, पहिल्यांदा तिच्यात गुंडाळायचे अशी त्यांची रीत. मीही तिच्यात निजलो होतो. मधल्या काळात ती पत्र्याच्या ट्रंकेत असते. खाडीवर सगळ्याला कसर लागते, म्हणून घडी-घडीत डांबरगोळ्या.

मामांना या गोधडीइतकाच आणखी एका गोष्टीचा अभिमान. "आपल्या घराला ताप लागत न्हाय रं. सगला गाव हुडहुडत पडायचा, आनि आमी बापलेक मिठावर. आपलं रगात खारट. मच्छर तोंड लावतो आनि थुंकतो."

माझा आजार कळल्यावर मी एकदा त्यांना खोदून विचारलं होतं की घरातल्या कुणाला, कधी, किती वेळा ताप आला. ते हसून हसून खोकले. "मोजनीदार आला बघा! आता मच्छरांची मोजनी. पोटहिस्सा पन काढ." मला मलेरिया झाला हे मात्र ते मान्य करत नव्हते. "तुजा बाप गोड्या पान्याच्या गावचा. तुज्यात भेसल झाली."

मामा आले त्या दिवशी मी कामावर होतो. संध्याकाळी घरी आलो तेव्हा बाळंतिणीच्या खोलीत धुरी चालू होती. शेगडीवर ओवा, बाळंतशेपा आणि वावडिंग. डोळे चुरचुरत होते. बाळ गोधडीत गुरफटलेलं, फक्त नाक आणि मिटलेल्या पापण्या बाहेर. मामा दारात पाटावर बसून त्याच्याकडे बघत होते.

"बग," ते मला म्हणाले, "तू पन असाच होतास. फक्त रडका."

"आणि आता?" मुलीनं विचारलं.

"आता फिरका. यक जागी बूड ठरत न्हाय तुज्या बापाचं."

सगळे हसले. मी बाळाच्या कपाळाला हात लावला आणि धुरामुळे बाहेर आलो.

दुसऱ्या दिवशी बाळाचा रंग मला बरा वाटेना. बायको म्हणाली, "अहो, सगळ्याच बाळांना होते थोडी कावीळ. आपल्या लेकीला नव्हती झाली? कोवळ्या उन्हात धरलं, गेली." ते खरंच होतं. मामा म्हणाले, "पोर हलदीचं हाय. लक्षमी येनार." तासाभरानं मी पुन्हा खोलीत गेलो. बालरोगतज्ज्ञ बाईंनी एक रीत दाखवली होती. बाळाच्या कातडीवर बोट दाबायचं, उचलायचं, आणि दाबलेल्या जागी खाली पिवळा रंग दिसतो का ते पाहायचं. कावीळ कपाळापासून खाली उतरत जाते. जितकी खाली, तितकी जास्त. मी कपाळ पाहिलं, छाती पाहिली. बेंबीच्या खाली पाहिलं. पिवळेपणाची हद्द कुठं संपते ते मला सापडेना. त्याच्या पायाचा तळवा माझ्या अंगठ्याएवढा. तोही पिवळा होता. आणि बाळ दूध ओढत नव्हतं, नुसतं झोपत होतं.

"गाडी काढतो," मी म्हणालो.

"उद्या सकाळी बघू की," बायको म्हणाली.

"उद्या नाही."

बायको मामांबरोबर घरी थांबली आणि मी म्हसळ्याच्या रस्त्यानं माणगाव गाठलं. मागच्या सीटवर मुलगी बाळाला गोधडीत घेऊन बसली होती. खिडक्या बंद होत्या, बाळाला वारं लागू नये म्हणून. पुढं मी याचा फार विचार केला.

बालरोगतज्ज्ञ बाईंनी रक्त घेतलं. कावीळ मोजतात तो आकडा अठरावर होता. त्यांनी बाळाला निळ्या दिव्याखाली ठेवलं, डोळ्यांवर पट्टी बांधून. मग माझ्याकडे वळून एकेक विचारायला लागल्या.

"काही औषध दिलंत? गुटी, काढा, काही?"

"नाही."

"आईनं काही घेतलं?"

"तुम्ही लिहून दिलेलंच."

"डांबरगोळ्या?"

"घरात एकही नाही," मी म्हणालो. "मी स्वतः काढल्यात." हे मी अगदी ठामपणे सांगितलं, जसं मोजणीच्या पंचनाम्याखाली सही करताना सांगतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी आकडा वीसवर गेला होता. बाई कपाळाला आठी घालून अहवाल बघत राहिल्या. "दिव्याखाली ठेवल्यावर उतरायला पाहिजे होता. म्हणजे पेशी अजून फुटताहेत. कशानं तरी फुटताहेत." मग त्यांनी सरळ सांगितलं. आणखी चढला तर बाळाचं रक्त बदलावं लागेल आणि ते इथं होणार नाही, मुंबईला न्यावं लागेल. वाट पाहिली तर पिवळा रंग मेंदूत उतरू शकतो. तसं झालं तर बाळ वाचलं तरी ऐकू येणार नाही, मान धरणार नाही. त्यांनी रुग्णवाहिकेला तयार राहायला सांगून ठेवलं.

मला बसवेना. दवाखान्याच्या पॅसेजमध्ये मी इकडून तिकडे जात राहिलो. पाणी कुठलं प्यायलो, घराला रंग कधी दिला, शेजारच्या वाडीत फवारणी झाली का, धुरीत काय टाकलं, सगळं आठवत होतो. बायकोला फोन करून घरातली प्रत्येक बाटली वाचायला लावली. जावई मुंबईहून निघाला होता. मुलगी दर दोन-तीन तासांनी आत जाऊन बाळाला पाजायची. दिव्याखालून काढलं की बाळ गार पडू नये म्हणून त्याला गोधडीत घ्यायची. मामांनी मायेनं आणलेलं, मऊ, जुनं कापड. त्यात कुणाला काय दिसणार?

दुपारी बाळानं गोधडी ओली केली. मुलीनं ती माझ्या हातात दिली. "बाबा, गॅलरीत टाका ना जरा वाळत."

मी गॅलरीत गेलो. खाली मुंबई-गोवा रस्त्यावरच्या गाड्या जात होत्या. मी गोधडी झटकली, कठड्यावर टाकली आणि ती उडू नये म्हणून तिच्यावर दोन्ही कोपरं टेकून उभा राहिलो. त्या वेळी वास आला. मला आधी मामांचं घर आठवलं. माळ्याखालची पत्र्याची ट्रंक, तिचं झाकण उघडताना होणारा आवाज, आईचं माहेरचं पातळ. वास कसला ते नंतर कळलं. घरी धुरीत तो दबून गेला होता. इथं नुसता वारा होता.

मी गोधडीत तोंड खुपसलं. ओल्या भागात तो आणखी उग्र होता.

बायकोला फोन केला. "गोधडीत गोळ्या होत्या?"

"होत्या की. मामांनी दारातच झटकून टाकल्या. आपण बाळासाठी गोळ्या काढल्यात हे मी त्यांना सांगितलं, तर एकन् एक गोळी वेचून टाकली त्यांनी. जरा वास येत होता, म्हणून मी शेगडीवर छान शेकून घेतली." मग तिचा आवाज बदलला. "अहो, का?"

मी फोन तसाच खिशात टाकला आणि आत गेलो.

"डॉक्टर, मी तुम्हाला चुकीचं सांगितलं."

बाईंनी गोधडी नाकाजवळ नेली आणि लगेच लांब धरली. "गोळी गेली तरी कापडात राहतं हे. वर्षानुवर्षांचं असेल तर फारच. शेकल्यावर तर वाफच निघते. तान्ह्याच्या कातडीतून जातं, श्वासातून जातं." त्यांनी पुढं एक शब्दही वाया घालवला नाही. गोधडी, ती ज्या पिशवीत होती ती पिशवी, त्या पिशवीतली लंगोटी-झबली, सगळं प्लॅस्टिकमध्ये बांधून इमारतीबाहेर. मुलीला अंघोळ करून कपडे बदलायला सांगितलं, बाळाला पुसून घेतलं. मी बाजारात जाऊन पांढरं सुती कापड आणलं आणि दवाखान्यातच धुऊन घेतलं. घेतानाच धुवायचं बोललो तर दुकानदार म्हणाला, "साहेब, नवं आहे, कशाला धुताय?" मी कापड नाकाला लावून हुंगलं, तेव्हा तो जरा चमत्कारिक नजरेनं बघायला लागला.

संध्याकाळी पुन्हा रक्त घेतलं. आकडा वीसच होता. उतरला नव्हता. चढलाही नव्हता. बाई म्हणाल्या, रुग्णवाहिकेला थांबवून ठेवू, पण निघू नका. मला माझ्या कामात असं कधी झालेलं आठवत नाही, की एकच आकडा दोनदा आला म्हणून मी भिंतीला टेकून खाली बसलो.

पुढच्या तपासणीला तो एकोणिसाच्या खाली आला. मग सोळा. मग बाळानं दुधासाठी रडायला सुरुवात केली. ते रडणं ऐकून माझी मुलगी पहिल्यांदा रडली. मुंबईचा अहवालही आला. नाणं त्याच बाजूला पडलं होतं. नातवाच्या वाट्याला माझंच आलं होतं.

मी कपडे न्यायला घरी गेलो तेव्हा मामा ओटीवर बसले होते. बायकोनं त्यांना काही सांगितलं नव्हतं. गोधडीची बांधलेली पिशवी माझ्या गाडीच्या मागच्या डिकीत होती. मी ती काढून अंगणात ठेवली आणि त्यांच्या समोर बसलो. कसं सांगायचं याची जुळवाजुळव करत आलो होतो. प्रत्यक्षात जसं झालं तसं सांगितलं, क्रमानं, काही न वगळता. रक्ताचं सांगितलं, आईकडून काय येतं ते सांगितलं, ताप का लागत नसावा ते सांगितलं, आणि गोधडीचं सांगितलं.

मामांनी अंगणातल्या पिशवीकडे पाहिलं.

"गोल्या मी टाकल्या व्हत्या," ते म्हणाले.

"हो मामा. सगळ्या टाकल्यात तुम्ही. मला कळलं."

"पोर ठीक हाय?"

"कावीळ उतरतेय. ठीक होईल."

मग ते म्हणाले, "माज्या आदी दोन झालेले. मुलगेच. पिवले पडले आनि गेले. बारसं पन न्हाय झालं. आई म्हनायची दिष्ट लागली." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "ते ह्यानंच का?"

"तेव्हा गोळ्या होत्या ट्रंकेत?"

"बाप मुंबैवरनं आनायचा. पन कदी धरनं, त्ये न्हाय ठाव."

"मग मला सांगता येणार नाही, मामा."

"तू मोजनीदार हाईस ना? सांग."

"मोजायला काही उरलेलं नाही. त्यांच्या रक्ताचं काय होतं ते कुणी पाहिलं नाही. पुष्कळ बाळं तशी जायची तेव्हा, कशानंही."

त्यांना हे पटलं नाही. "म्हंजे आमाला ताप न्हाय लागला," ते सावकाश म्हणाले, "त्याचं भाडं त्या दोगांनी भरलं."

"असेल. नसेलही. तुमच्या रक्तात हे आहे की नाही तेच आपल्याला माहीत नाही. तुमची तपासणी करू या का?"

"नको," मामा म्हणाले. "न्हाय निगालं तर मी कशाची ऐट मारू?"

ते हसले नाहीत. दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं ते दिघीला गेले, पिशवी घेऊन. मी गाडीनं सोडतो म्हणालो तर ऐकलं नाही.

बाळ घरी आलं. बारसं पुढं ढकलावं लागलं होतं, ते ठरवलं. घरात पाळणा बांधला. पाळण्याचं लाकूड, दोऱ्या, गादी, सगळं मी हुंगलं. बायका आल्या तेव्हा त्यांच्या ठेवणीतल्या साड्यांचा मला घोर लागला. बायकोनं आधीच प्रत्येकीला सांगितलं होतं, रोजच्या वापरातली साडी नेसून या. एक शेजारीण म्हणाली, "वहिनी, हे पहिलंच बारसं बघते, जिथं जुनेर नेसून यायचं आमंत्रण!" तरी मी दाराशी उभा होतो. प्रत्येक बाई माझ्यापासून अंतर राखून आत जात होती, कारण मी नाक पुढं करत होतो.

मामा येतील की नाही याची खात्री नव्हती. ते आले. काखेत तीच गोधडी, पण पिशवीशिवाय, उघडी.

"इहिरीच्या पान्यानं धुतली," ते म्हणाले. "रोज. बांदावर टाकली, दिसभर उनात. ट्रंक फेकली. आता लिंबाच्या पाल्यात ठेवली व्हती. बग, वास घे."

मी वास घेतला. उन्हाचा वास होता, आणि थोडा खाडीच्या चिखलाचा. दुसरा काही नाही. मी पुन्हा घेतला. मग घडी उलगडून आतल्या थरांना नाक लावलं.

"हाय?" मामांनी विचारलं.

"मला येत नाही."

"मंग?"

आतल्या बायका थांबल्या होत्या. बायको माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "अहो, नुसती पाळण्याला टेकवून काढू दे त्यांना. ऐंशी वर्षांचा माणूस, बोटीतून घेऊन आलाय."

मला ते दिसत होतं. त्यांचे हात गोधडीच्या कडेवर होते आणि कडेचा टाका एका ठिकाणी नवा होता. धुताना उसवला असणार आणि त्यांनी स्वतः घातला असणार, वाकडा. पण इतके थर. वरचा थर निवळला म्हणून मधला निवळला हे मला कोण सांगणार? माझ्या नाकाला येत नाही एवढंच मला माहीत होतं. तेवढ्यावर मी एकदा सही केली होती.

"नको मामा," मी म्हणालो. "या बाळाला नको."

मामांनी मान हलवली. त्यांनी गोधडीची घडी घातली, दोन, मग चार पदर, पुन्हा बाहेर ओटीवर गेले, ती खाली अंथरली आणि तिच्यावर मांडी घालून बसले.

"बरं झालं," ते मोठ्यानं म्हणाले, आत ऐकू जाईल असं. "बारशात निजलो तिच्यावर, त्येच्यानंतर आज माजा नंबर लागला. गा ग बायांनो, गा. थांबल्या कशाला?"

पाळणा सुरू झाला. नाव ठेवून झाल्यावर मुलगी बाळाला घेऊन उंबऱ्याशी आली आणि आतूनच त्याचं तोंड मामांकडे केलं. "आजोबा, लांबूनच हं."

"लांबूनच. बापाला इचार, किती हात पायजे. टेप असंल त्याच्याकडं."

मुलगी हसली. बाळ नुसतं जांभई देऊन झोपलं. त्याच्या कानाची पाळी मला अजून पिवळट वाटत होती. नसावी, उन्हाची तिरीप होती.

तेवढ्यात वारा सुटला. आमच्याकडे दुपारनंतर समुद्राकडून येतो, वाडीतून अंगणात, अंगणातून ओटीवर आणि ओटीवरून सरळ घरात. मामांच्या गोधडीची कड त्यानं हलली. मी उठलो आणि दार अर्धं लोटलं.

मामांनी ते पाहिलं. गुडघ्यावर हात ठेवून उठले, गोधडी उचलली, आणि ओटीच्या दुसऱ्या टोकाला, जिथून वारा दाराकडे येत नव्हता तिथं जाऊन बसले.